बोंद्र्यांचं भरवशाचं हत्यार

आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर सकाळी साडेसहाला लिफ्टचं दार उघडलंत, तर समोर एक गृहस्थ तुमच्यावर तूरडाळ रोखून उभे असतात.

उजवा हात खांद्यातून सरळ, डावा त्याच्या मनगटाखाली, एक डोळा मिटलेला आणि मुठीत डाळीचं पाकीट. पाकीट एक किलोचं, पण त्यातली दीडशे ग्रॅम डाळ मोजून काढलेली. भरलेल्या पिस्तुलाचं वजन साधारण साडेआठशे ग्रॅम भरतं असं या गृहस्थांनी वाचलेलं आहे, आणि हाताला सवय लावायची तर ती अचूक वजनाची हवी. अशी वीस मिनिटं ते लिफ्टच्या दारावर नेम धरून राहतात. सरावलेले लोक 'गुड मॉर्निंग, बोंद्रे साब' म्हणून पाकिटाखालून वाकून जातात. नवख्याची मात्र गाळण उडते. तिसऱ्या मजल्यावरचे इजिप्शियन साहेब एकदा चुकून चौथ्यावर उतरले, त्यांनी दोन्ही हात वर केले, एका हातातली ब्रीफकेसही वर केली, आणि उलट्या पावलांनी लिफ्टमध्ये शिरून तळमजल्यापर्यंत हात वर ठेवूनच गेले. हे मला आमच्या नातूरने सांगितलं. नातूर म्हणजे इकडचा वॉचमन. तो माझ्याइतकं वाढवून सांगत नाही, तेव्हा गोष्ट खरी असणार.

हे सुधाकर बोंद्रे. एकतीस वर्षं दुबईत, त्यातली बावीस अल मनखूलमधल्या याच बिल्डिंगमध्ये, माझ्या दारासमोरच्या दारात. आग लागली की छतातून पाण्याची कारंजी सुरू होतात ना, त्यांचं एस्टिमेट काढणं हे त्यांचं काम. कुठल्याही मॉलमध्ये गेले की बायका दुकानांकडे बघतात, पोरं आइस्क्रीमकडे बघतात, बोंद्रे छताकडे बघतात. एकतीस वर्षं जो माणूस रोज सकाळी नऊ ते सहा फक्त 'आता आग लागली तर' एवढ्याच विचाराचा पगार घेतो, त्याचं पुढे काय होतं हे पाहायचं असेल तर आमच्या चौथ्या मजल्यावर या. प्रवेश खुला आहे. फक्त हात वर करून या.

बोंद्र्यांचा जगाला एकच प्रश्न आहे. "ऐन वेळी अडकलं तर?"

करामाच्या बाजारात छत्री घ्यायला गेले, तर दुकानातच उभं राहून ती उघडून-मिटून बघायला लागले. नव्वदाव्या वेळेला दुकानदाराने हात जोडले आणि म्हणाला, "चाचा, ऐसेही ले जाओ." बोंद्रे दुखावले. "फुकट देतोय म्हणजे काहीतरी गडबड आहे," असं म्हणून छत्री काउंटरवर ठेवून बाहेर पडले. त्यांच्याकडे आजही छत्री नाही. दुबईत असल्यामुळे निभावतं.

मुलीचं, मुग्धाचं, लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा सिडनीहून भेटायला आला होता. पत्रिका बघितली नाही, पगार विचारला नाही. चहा झाल्यावर बोंद्र्यांनी त्याला हात धुवायला मागच्या बाथरूममध्ये पाठवलं, ज्याची कडी आतून अडकते, आणि घड्याळ लावून बसले. मुलगा सातव्या मिनिटाला बाहेर आला. ओरडला नाही, घामाघूम झाला नाही. वर म्हणाला, "काका, कडीला थोडं तेल लागेल." बोंद्र्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. मुग्धा अजून सांगते, "ही लॉक्ड हिम इन, अंकल. ऑन पर्पज." पण बोंद्र्यांचं म्हणणं, संसारात दुसरं बघायचं तरी काय असतं? माणूस अडकला की कसा वागतो, एवढंच.

आता असा माणूस पिस्तुलाच्या नादाला का लागला? दुबईत आपल्यासारख्यांना घरात पिस्तूल ठेवता येत नाही, हे एक. आणि ठेवून रोखायचं कुणावर, हे दुसरं. इथे चोरी होत नाही याचं बोंद्र्यांना मनापासून दुःख आहे. 'टेस्ट' म्हणून त्यांनी एकदा आपला फोन पार्कमधल्या बाकावर ठेवला आणि दोन तास झाडामागे लपून बसले. शेवटी कंटाळून परत आले, तर फोनभोवती तीन माणसं राखणीला बसलेली. एक पठाण, एक मल्याळी, एक फिलिपिनो. चौथा पॉवर बँक आणायला गेला होता, कारण बॅटरी उतरायला आली होती.

पिस्तूल हवं होतं ते देवरुखच्या घरासाठी.

देवरुखच्या अलीकडे रस्ता सोडून आत गेलं की एका आडव्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, टोकाला बोंद्र्यांनी घर बांधलं आहे. बारा वर्षं बांधत होते, तेही दुबईतून, व्हॉट्सॲपवर. खिडकीची चौकट वाकडी बसली तर इथे करामाच्या बसमध्ये बोंद्रे ओरडायचे आणि अख्खी बस मान तिरकी करून त्यांच्या फोनमध्ये डोकवायची. घर झालं, वास्तुशांत झाली. त्याच वर्षी नलिनीवहिनी इथल्या शाळेतून रिटायर झाल्या. तीस वर्षं त्यांनी दुबईतल्या पोरांना गणित शिकवलं. "पडदे लावून दोन महिन्यांत येते," असं सांगून त्या देवरुखला गेल्या. त्याला आता चौदा महिने झाले. पडदे लागले, मग परसात वांगी लागली, मग गावातल्या पोरी गणिताला यायला लागल्या, आणि वहिनी तिथल्याच झाल्या.

बोंद्र्यांच्या डोळ्यांसमोर मात्र दिवसरात्र एकच चित्र. मागे फणस-आंब्याचा उतार, शेजार दोन हाकांच्या अंतरावर, आणि एवढ्या घरात नलू एकटी. त्यामुळे रोज संध्याकाळी सातला, म्हणजे तिकडे साडेआठला, व्हिडिओ कॉल. वहिनी फोन हातात घेऊन घरभर फिरतात आणि बोंद्रे एकेका दाराची कडी तपासतात.

"हलवून दाखव."

"हलवली."

"जोरात."

"अहो, जोरात हलवली तर निघेल ती."

"मग निघते का ते बघायचंय ना मला."

असे एकूण अकरा दरवाजे-खिडक्या. बाराव्याला वहिनी फोन डायनिंग टेबलावर तांब्याला टेकवून जेवायला बसतात, आणि इकडे बोंद्रे आपलं ताट घेऊन बसतात. जेवताना कुणी फारसं बोलत नाही. मी एकदा मीठ मागायला गेलो तर दोघं असे गप्प जेवत होते, मधे समुद्र.

अशात कंपनीचं पत्र आलं. बोंद्रे साठीला आले होते, पण कुठलासा टॉवर हातात होता आणि त्यातली कारंजी बोंद्र्यांशिवाय कुणाला मोजता येईनात. दोन वर्षांचं एक्स्टेन्शन. वर्षअखेरपर्यंत सही करून द्या.

"मग काय ठरलं?" मी विचारलं.

"ठरलंय, मोने. नलूच्या संरक्षणाची पक्की सोय झाली की सही. घरात भरवशाचं हत्यार असलं की मी इथे दोन वर्षं निर्धास्त. नाही झाली सोय, तर खलास. मग इथे बसून माझ्याच्यानं आकडे व्हायचे नाहीत."

म्हणजे पिस्तूल मिळालं तर बोंद्रे दुबईत, नाही मिळालं तर देवरुखात. वहिनींचं मत त्यांनी विचारलं नव्हतं. एस्टिमेटमध्ये तो कॉलमच नसतो.

पुढचे चार महिने बोंद्र्यांनी जो अभ्यास केला, तेवढा एखाद्या देशाने लढाईआधी केला असता तर लढाई टळली असती. लॅपटॉपवर तक्ता तयार झाला. अडतीस हत्यारं, एकवीस कॉलम. वजन किती, गोळ्या किती, घोडा ओढायला जोर किती, झटका किती बसतो, कोकणातल्या दमट हवेत गंज किती धरेल. एक कॉलम 'नलूच्या मुठीत मावेल का', आणि शेवटचा लाल रंगातला कॉलम 'अडकण्याची शक्यता'. किमती डॉलरमध्ये मिळत, त्या बोंद्रे आधी मोठ्याने दिरहममध्ये करत, मग मोठ्याने रुपयांत करत, आणि मग खुर्चीला टेकून छताकडे बघत.

"पिस्तूल की रिव्हॉल्वर, हा मूळ प्रश्न आहे," ते मला रोज सांगत. मी भाजी घ्यायला निघालेलो असे. "पिस्तुलात गोळ्या जास्त, पण आत स्प्रिंग. स्प्रिंग आली म्हणजे अडकणं आलं. रिव्हॉल्वरचं बघ, सहाच गोळ्या, पण दाबलं की फिरतं, फिरलं की सुटतं. एक नाही उडाली तर पुन्हा दाब, पुढची हजर. शिवाय पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचायला मनगटात ताकद लागते. नलूची मनगटं खडू धरून गेलेली."

ताकद नेमकी किती आहे हे कळायला हवं, म्हणून त्यांनी वहिनींना चकलीचा सोऱ्या ताणकाट्याला बांधून दाबायला सांगितलं. व्हिडिओ कॉलवर. वहिनींनी सोऱ्या बांधला, दाबला, आकडा वाचून दाखवला. मग म्हणाल्या, "सोऱ्या काढलाच आहे तर आता चकल्या करून टाकते. तुम्ही आकडा लिहून घ्या." त्या आठवड्यात देवरुखहून हनीफभाईंच्या कार्गोमधून तीन किलो चकली आली. आकडा बोंद्र्यांनी तक्त्यात भरला, चकली आम्ही पोटात भरली.

हनीफभाई म्हणजे करामातले आमचे कार्गोवाले, मूळ राजापूरचे. इथल्या माणसांची खोकी गावी पोचवायची आणि गावची इथे आणायची, हा धंदा. बोंद्र्यांच्या तक्त्याला त्यांचा पहिल्यापासून विरोध. "बोंद्रेशेठ, कशाला ती बंदूक? दोन कुत्रे पाळा. कुत्र्याला लायसन लागत नाय."

"कुत्रा ऐन वेळी झोपला तर?"

"मग बंदूक पण कपाटातच झोपणार ना शेठ. तिला उठवणार कोण?"

 तिसऱ्या दिवशी तक्त्यात बाविसावा कॉलम आला, 'कपाटातून हातात यायला लागणारा वेळ'. त्यासाठी त्यांनी वहिनींना पलंगापासून कपाटापर्यंत चालायला लावलं. वहिनी मुद्दाम हळू चालल्या असं माझं मत आहे.

शेवटी ठरलं, की प्रत्यक्ष हत्यार हातात धरल्याशिवाय अभ्यास पुरा व्हायचा नाही. दुबईबाहेर वाळवंटाच्या कडेला नेमबाजीचे क्लब आहेत. ओळखपत्र दाखवा, सूचना ऐका, कानाला झापडं लावा आणि त्यांच्याच पिस्तुलाने, त्यांच्याच देखरेखीखाली, कागदावर गोळ्या झाडा. एका शनिवारी आम्ही तिघं गेलो. बोंद्रे सफारीत, हनीफभाई पांढऱ्या कपड्यात अत्तर लावून, मी आपला नेहमीसारखा.

आमची इन्स्ट्रक्टर ही एक फिलिपिनो मुलगी. उंचीने बोंद्र्यांच्या खिशापर्यंत. तिने बोंद्र्यांच्या हातात पिस्तूल दिलं आणि ती थक्क झाली. हात असा स्थिर, की त्यावर भरलेला पेला ठेवावा.

"सर, यू हॅव शॉट बिफोर?"

"नो. दाल," बोंद्रे म्हणाले.

समोर पंचवीस पावलांवर कागदाचा माणूस टांगला होता. काळा, खांदे रुंद, चेहऱ्याच्या जागी नुसता गोल. बोंद्र्यांनी नेम धरला. एक डोळा मिटला. श्वास रोखला. आम्ही कान दाबले.

काही झालं नाही.

अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. शेजारच्या रांगेतल्या एका अरबी म्हातारबाबांनी दहा गोळ्या झाडल्या, पिस्तूल ठेवलं, खजूर खाल्ला, आणि तेही बोंद्र्यांकडे बघत उभे राहिले. मुलीला वाटलं पिस्तूल अडकलं. तिने ते हलकेच काढून घेतलं, तपासलं, एक गोळी झाडून दाखवली. "सर, गन इज ओके."

पिस्तूल ठणठणीत होतं. अडकले होते ते बोंद्रे.

मी जवळ जाऊन विचारलं, "काय झालं?"

बोंद्रे माझ्या कानाशी आले. मुळात मी झापडं लावलेली होती, त्यामुळे त्यांना ओरडावं लागलं. "अरे मोने, त्याच्याकडे बघ ना. हातात काही नाहीये त्याच्या. खांदे बघ कसे पाडून उभा आहे. काहीतरी विचारायला आल्यासारखा वाटतो."

मुलीला मी हे इंग्रजीत समजावून सांगितलं. चौदा भाषांतल्या गिऱ्हाइकांना शिकवलेली मुलगी, पण हे तिने ऐकलं नव्हतं. तिने मुकाट्याने कागदाचा माणूस काढला आणि गोल वर्तुळांचा कागद लावला. मग बोंद्र्यांनी दहाच्या दहा गोळ्या अशा झाडल्या, की वर्तुळाच्या मध्ये रुपयाएवढं एकच भोक पडलं. म्हणजे मी इथे सांगतोय म्हणून रुपया. हनीफभाई बशीएवढं सांगतात. माझ्या दहांपैकी सहा गोळ्या म्हातारबाबांच्या कागदावर निघाल्या, त्यांनी मला खजूर दिला.

परत येताना गाडीत बोंद्रे म्हणाले, "वस्तू चांगली आहे. भरवशाची आहे."

तेवढ्यात कायद्याने घात केला. हनीफभाईंचा भाचा रत्नागिरीला वकील आहे, त्याचा फोन आला. तो म्हणाला, मामा, तुमच्या मित्राच्या यादीतली नऊ मिलिमीटरची वगैरे जी काही आहेत, ती आपल्याकडे साध्या माणसाला मिळत नाहीत. मिळालं तर बत्तीस बोअरचं मिळेल. आणि लायसन्स राहणाऱ्याच्या नावाने निघेल. जो दुबईत आहे, त्याचं देवरुखात कसलं संरक्षण? अर्ज बाईंना करावा लागेल. त्यांनाच सांगावं लागेल, की भीती कशाची आहे ते.

अडतीस हत्यारांपैकी छत्तीस त्या संध्याकाळी कायमची गेली. मी शेजारी बसलो होतो. एकेक ओळ निवडायची, पुसायची. शेवटी एक रिव्हॉल्वर आणि एक छोटं पिस्तूल राहिलं. बोंद्र्यांनी रिव्हॉल्वरवर हिरवा रंग चढवला. "स्प्रिंग नाही," ते म्हणाले. चार महिन्यांचा अभ्यास संपला.

वहिनींनी अर्ज केला. आम्हाला वाटलं होतं त्या नाही म्हणतील, पण त्या म्हणाल्या, "त्यांना त्याने झोप लागत असेल तर करते." फॉर्म भरला, फोटो जोडले. मग पोलिसांची माणसं घर बघून रिपोर्ट देणार, आणि त्यावर वरून ठरणार. तोपर्यंत वर्षअखेर येऊन ठेपली. बोंद्र्यांनी ऑफिसातून आठ दिवस मागून घेतले. एक्स्टेन्शनचं पत्र डायनिंग टेबलावर पेनाखाली ठेवून दिलं, आणि डाळ वीस मिनिटांची तीस मिनिटं केली. नातूर म्हणाला, "बोंद्रे साब टेन्शन में है. आज पॅकेट का दाल गिर रहा था."

हवालदार देवरुखच्या घरी येऊन गेले त्या दिवशी शुक्रवार होता. संध्याकाळी सातला मी आणि हनीफभाई बोंद्र्यांकडेच होतो. आमच्या हिने पावभाजी पाठवली होती आणि निकाल ऐकल्याशिवाय डबा परत आणू नका म्हणाली होती. फोन लागला. आज कड्या तपासणं नव्हतं.

"आले होते का?"

"आले होते," वहिनी म्हणाल्या. "चांगले होते बिचारे. कोकम सरबत घेतलं. दोन ग्लास."

"सरबत राहू दे. काय विचारलं?"

"आधी पायरीवरच थांबले. आत येईनात. अगदी हळू आवाजात म्हणाले, बाई, अर्जात लिहिलंय की तुम्ही घरात एकट्याच असता, आणि साहेब तर घरात आहेत. मी म्हटलं, साहेब दुबईला असतात. तर म्हणाले, मग या चपला कुणाच्या?"

हनीफभाईंचा पाव बशीत राहिला. बोंद्र्यांचा चेहरा मी पाहिला नाही. पाहवला नाही.

"कुणाच्या?" बोंद्रे म्हणाले.

"कुणाच्या म्हणजे? तुमच्या."

"माझ्या चपला माझ्या पायात आहेत."

"जुन्या हो. वास्तुशांतीला आलात तेव्हाच्या. जाताना बूट घालून गेलात आणि त्या इथेच राहिल्या. मी दारात ठेवते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, घरात पुरुषमाणूस आहे. इकडे सगळ्याच बायका ठेवतात, ज्यांची माणसं गल्फला आहेत त्या."

"आमच्या घरी पण ठेवतात," हनीफभाई हळूच म्हणाले. "माझ्या अब्बाच्या होत्या. आता माझ्या आहेत."

"हवालदार हसायलाच लागले," वहिनी सांगत होत्या. "म्हणाले, बाई, साहेब आत झोपलेत समजून मी दहा मिनिटं कुजबुजत बोलतोय, आणि बाहेर मोटरसायकलही सुरू न करता ढकलतच सावलीत लावली. पोलीस फसला तर चोराचं काय. मग त्यांनी विचारलं, भीती कशाची वाटते? आता खोटं कसं सांगू? मी म्हटलं, मला नाही वाटत, ह्यांना वाटते. ते म्हणाले, मग कसं व्हायचं, लायसन्स तर तुमच्या नावाने निघणार. बहुतेक नाहीच मिळणार हो. तुम्ही रागावू नका."

बोंद्रे रागावले नव्हते. ते फोनवर वाकले होते.

"दाखव," ते म्हणाले.

वहिनी उठल्या. फोनमधून आधी पंखा दिसला, मग भिंत, मग दार. ओट्यावरचा दिवा लागला. पायरीपाशी चपलांचा एक जोड होता. तपकिरी, अंगठ्याचा, टाचेकडे एका बाजूने झिजलेला. शेजारी वहिनींच्या छोट्या चपला.

"अशाच असतात रोज?"

"अशाच कशा? एका जागी राहिल्या तर दोन दिवसांत गावाला कळेल. सकाळी पायरीखाली ठेवते, दुपारी आत घेते, दिवेलागणीला इथे. पाऊस असला की पुसून आत. मध्ये अंगठा तुटला होता, तो शिवून आणला. चांभार विचारत होता, साहेब कधी आले म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, येतात-जातात."

बोंद्रे बघत राहिले. एकतीस वर्षं छतं बघणारा माणूस, पण इतका वेळ मी त्याला कुठल्या छताकडे बघताना पाहिलं नाही. हनीफभाई चष्मा पुसत होते. चष्मा माझा होता.

शेवटी बोंद्र्यांनी घसा खाकरला. नेहमीसारखं काहीतरी तपासून सांगायला हवं होतं.

"डावी वाकडी पडली आहे," ते म्हणाले. "सरळ कर."

"पडलेली नाही, ठेवली आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तशीच काढता."

सोमवारी बोंद्र्यांनी पत्र सही न करता ऑफिसात परत दिलं. त्यांचा मॅनेजर लेबनीज, मोठा दिलदार माणूस. त्याने खुर्चीवर बसवलं, कॉफी मागवली, पगार कमी वाटतो का विचारलं, टॉवर नको असेल तर दुसरा देतो म्हणाला. हबीबी, निदान कारण तरी सांग, म्हणाला. बोंद्रे इंग्रजीत एस्टिमेटची शंभर पानं लिहितात, पण हे कसं सांगावं ते त्यांना सुचेना.

"माझ्या चपला घरी राहिल्या आहेत," एवढंच म्हणाले आणि उठले.